बर्फ कोणीकडून आलें ?



ओल्या वाटेवर पावलें उमटलेलीं दिसलीं म्हणजे इकडून कोणी गेलें एवढेंच आपणांस कळतें असें नाहीं. टांच कोणीकडे व बोटें कोणीकडे हें पाहून जाणारा कोठून कोठें गेला हेंहि आपण सांगतों. मनुष्याचें पाऊल दोन्ही टोकांस सारखेंच असतें, तर ही गोष्ट सांगतां आली नसती. आज मी आपणांस अशाच एका पावलासंबंधीं चार गोष्टी सांगणार आहें. हें पाऊल मातीवर उमटलेलें नाहीं. तें कातळावर उमटलेलें आहे. तें उमटविणारें बर्फ हजारों वर्षांपूर्वीं, कांहीं ठिकाणीं तर कोट्यवधि वर्षांपूर्वीं, वितळून नाहींसें झालें. तरीहि त्याची टांच कोणती व बोटें कोणतीं हें आज ओळखतां येतें. आणि ती ओळख पटल्यामुळें पृथ्वीच्या नकाशाविषयींची आपली समजूतच बदलावी लागली.

हिमनदी म्हणजे वाहतें बर्फ. गंगोत्रीच्याहि पुढें गोमुखापर्यंत गेलेल्या यात्रेकरूंनीं ती प्रत्यक्ष पाहिली असेल. उंच प्रदेशांत वर्षानुवर्षें सांचणारें हिम आपल्याच भारानें दाबलें जातें, त्याचें घट्ट बर्फ बनतें, आणि तें पुरेसें जाड झालें म्हणजे उताराच्या बाजूस सरकूं लागतें. ही गति बहुधा इतकी मंद असते कीं, शेजारीं उभें राहून ती दिसावयाची नाहीं. परंतु गति मंद असली तरी भार मोठा असतो. १०० फूट जाडीच्या बर्फाचा तळाच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारें अडीच टन भार पडतो. आणि हिमयुगांत बर्फाची जाडी कित्येक ठिकाणीं हजारों फूट होती.

येथें कोणी विचारील कीं, बर्फ तर कातळाहून कितीतरी मऊ. मग त्यानें कातळ झिजावा कसा? शंका रास्त आहे. पण आपल्या घरांतलें पितळेचें भांडें घासणारा हातहि मऊच असतो. भांडें लखलखीत होतें तें हात आणि भांडें यांच्यामधल्या राखेनें व मातीनें. हिमनदीच्या तळाशीं असेच दगड, खडे आणि वाळू गोठून बसलेलीं असतात. बर्फ त्यांना घट्ट धरून पुढें रेटतें, आणि खालच्या कातळावर चालतात ते हे दगड. मोठा दगड खोल चर पाडतो, लहान खडा रेघ ओढतो, आणि बारीक भुकटी त्याच कातळाला तुकतुकीत करून सोडते. हिमनदीच्या मुखांतून निघणारें पाणी राखाडी किंवा दुधाळ दिसतें, तें या दळून निघालेल्या दगडाच्या पिठामुळेंच.

आतां असें समजा कीं, या सरकत्या बर्फाच्या वाटेंत कठीण कातळाचें एक टेकाड आलें. बर्फ त्याच्या अंगावर चढतें, माथ्यावरून जातें व पलीकडे उतरतें. ज्या बाजूवर तें चढतें तेथें दाब फार वाढतो. दाब वाढला म्हणजे शून्याच्या किंचित् खालींहि बर्फ वितळूं शकतें. त्यामुळें तळाशीं पाण्याचा पातळ थर तयार होतो, बर्फ त्यावरून सरकतें, आणि त्याच्या तळांतले दगड कातळावर दाबून घासले जातात. म्हणून ही बाजू गोलसर, सौम्य उताराची व गुळगुळीत होते. माथ्यापलीकडे मात्र दाब एकदम उतरतो; बर्फ आणि कातळ यांच्यामध्यें कोठें कोठें पोकळीहि राहते. कातळाच्या भेगांत पाणी शिरलेलें असतें. त्या पाण्याचा दाब कमीअधिक होत गेला म्हणजे भेगा रुंदावतात, ठोकळे सैल होतात, आणि पुढें जाणारें बर्फ त्यांना उचकटून आपल्याबरोबर ओढून नेतें. त्यामुळें ती बाजू तुटकी, खडबडीत, पायऱ्या पडल्यासारखी राहते. एका बाजूस कानस चालली व दुसऱ्या बाजूस पहार चालली, असें म्हटलें तरी चालेल.

अशा टेकाडाला भूगोलाच्या पुस्तकांत मेषशिला म्हणतात. मूळ फ्रेंच नांव 'रोश मूतोने' असें असून, तें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आल्प्स पर्वताचा अभ्यास करणाऱ्या सोस्यूर नांवाच्या स्विस पंडितानें दिलें. त्या काळचे प्रतिष्ठित लोक डोक्यावर केसांचे टोप घालीत व ते मेंढराच्या चरबीनें चापून बसवीत. एकापुढें एक गोल टेकाडें पाहून सोस्यूरला त्या टोपांची आठवण झाली. पुढें लोक टोप विसरले व बसलेलीं मेंढरें पाहूं लागले. मौज अशी कीं, नांव देणाऱ्या या पंडितास तीं टेकाडें बर्फानें घडविलीं आहेत याची कल्पना नव्हती. कांहीं मेषशिला माणसाच्या उंचीच्याहि नसतात, तर कांहीं शेंकडों फूट लांबीच्या असतात. पण लहान असो वा मोठी, तिची घासलेली बाजू बर्फ आलें त्या दिशेकडे व तुटलेली बाजू बर्फ गेलें त्या दिशेकडे असते.

ही गोष्ट महत्त्वाची कां, तें सांगतों. कातळावरच्या रेघा पाहिल्या म्हणजे बर्फ कोणत्या रेषेंत सरकलें तें कळतें. पण रेघेला दोन टोकें असतात. रेघ उत्तर-दक्षिण असली तर बर्फ उत्तरेकडून दक्षिणेस गेलें कीं दक्षिणेकडून उत्तरेस, हें नुसत्या रेघेवरून सहसा सांगतां येत नाहीं. रेघ वाट दाखविते. तोंड कोणीकडे होतें तें सांगते मेषशिला. तिसरा साक्षीदार म्हणजे बर्फानें वाहून आणलेला परका दगड. स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रांत एल्सा क्रेग नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील ग्रॅनाइट जातीचा दगड इतका वेगळा आहे कीं, तो कोठेंहि सांपडला तरी ओळखूं येतो. त्या दगडाचे गोटे दक्षिणेकडे वेल्समध्यें व आयर्लंडमध्यें सांपडतात. त्यांना तेथें नेणारा दुसरा कोण असणार ? रेघ, टेकाड व परका गोटा या तिघांची साक्ष जुळली म्हणजे निकाल पक्का समजावा. कधीं कधीं एकाच कातळावर दोन दिशांच्या रेघा एकमेकींना छेदून गेलेल्या दिसतात. तेव्हां बर्फाची दिशा मध्यंतरीं पालटली होती, असें अनुमान निघतें.

मात्र घाईनें निकाल देणारा येथें फसतो. एडिंबरो शहराचेंच उदाहरण घेऊं. त्या शहराचा किल्ला बेसाल्टच्या एका काळ्या कड्यावर उभा आहे. हा कडा म्हणजे सुमारें ३४ कोटी वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखीच्या नळींत थिजलेला लाव्हा होय. पश्चिमेकडून पाहिलें तर तो भिंतीसारखा उभा. पूर्वेस मात्र त्याच्या पायथ्यापासून एक सौम्य उतार निघतो, आणि त्या उताराच्या पाठीवरून सुमारें १ मैल लांबीचा जुना राजरस्ता होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जातो. आतांच मीं जो नियम सांगितला तो आंधळेपणानें लावला, तर सौम्य बाजू पूर्वेची, म्हणून बर्फ पूर्वेकडून आलें, असें ठरेल. आणि तें अगदीं उलट होईल. बर्फ आलें पश्चिमेकडून. तेथील सौम्य बाजू कठीण कातळ घासून झालेली नाहीं. कडा अतिशय कठीण. त्याच्या भोंवतालचे थर मऊ. पश्चिमेकडून आलेल्या बर्फानें समोरचे व दोन्ही अंगांचे मऊ थर कोरून नेले, पण कड्याच्या आडोशास पूर्वेकडे असलेले थर बचावले. पुरांत उभ्या असलेल्या खांबामागें जसा गाळ टिकून राहतो, तसाच हा प्रकार. या आकाराला कडा आणि शेपूट असें नांव आहे. तेव्हां नुसती रूपरेषा पाहून भागत नाहीं. कोणती बाजू कशाची बनली आहे व कशानें झाली आहे, हें जवळ जाऊन पाहावें लागतें.

याच एडिंबरोच्या टेकड्यांवर १८१२ सालीं सर जेम्स हॉल या भूशास्त्रज्ञानें एक निबंध वाचला. पश्चिमेकडील बाजू घासलेल्या आहेत व शेंपट्या पूर्वेस गेल्या आहेत हें त्यानें नेमकें हेरलें होतें. पण हें काम कोणी केलें ? त्याचें उत्तर होतें, समुद्रांतून उसळलेल्या एका महाप्रचंड लाटेनें. दिशा बरोबर, कर्ता चुकला. कारण स्कॉटलंडसारख्या हिमनदी नसलेल्या देशांत बर्फाचें नांव घेण्याचें त्या काळीं कोणास सुचावें ?

सुचलें तें ज्याच्या दाराशीं हिमनदी होती त्याला. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतांत पेरोदँ नांवाचा एक पहाडी शिकारी होता. डोंगरांत हिंडतांना त्यानें पाहिलें कीं, आजच्या हिमनदीच्या कडेला जसे ओरखडे कातळावर पडतात, तसेच ओरखडे हिमनदीपासून पुष्कळ खालीं, दरींतहि आहेत. त्यावरून एके काळीं सगळी दरी बर्फानें भरलेली होती, असें त्यानें ठरविलें व १८१५ सालीं शार्पांतिए या विद्वान् पाहुण्यास तें सांगितलें. पाहुण्यास तें त्या वेळीं पटलें नाहीं. पुढें व्हेनेट्झ या इंजिनियरानें तोच विचार उचलून धरला, शार्पांतिए यांसहि तो मान्य करावा लागला, आणि लुई अगासी या तरुण प्राध्यापकानें १८३७ सालीं नेउशातेल येथील विद्वानांच्या सभेपुढें हिमयुगाची कल्पना मांडली. १८४० सालीं अगासी स्कॉटलंडमध्यें आला. एडिंबरोजवळच्या ब्लॅकफर्ड टेकडीच्या पायथ्याशीं घासलेला कातळ त्याला दाखविण्यांत आला, तेव्हां हें बर्फाचें काम आहे, असें त्यानें तेथल्या तेथें सांगितलें. ज्या शहरांत हॉलनें लाट पाहिली होती, त्याच शहरांत अगासीनें बर्फ पाहिलें. आणि दोघांच्या पुढें दगड तेच होते.

पाहणें म्हणजे काय, याचें याहूनहि बोलकें उदाहरण चार्ल्स डार्विनचें आहे. १८३१ सालीं, आपल्या जगप्रसिद्ध सफरीस निघण्यापूर्वीं, तो आपले गुरु सेजविक यांच्याबरोबर उत्तर वेल्समधील कूम इद्वल या डोंगरी खोऱ्यांत गेला होता. दोघांनीं जीवाश्म शोधण्यासाठीं खडकांची कसून तपासणी केली. त्यांच्या भोंवतालीं घासलेले कातळ होते, माथ्यावर तोललेले परके गोटे होते, हिमनदीनें रचलेले दगडांचे बांध होते. आणि दोघांपैकीं एकासहि त्यांतलें कांहीं दिसलें नाहीं! १८४२ सालीं, अगासीचें म्हणणें प्रसिद्ध झाल्यावर, डार्विन पुन्हां तेथें गेला, तेव्हां त्याला सगळें खोरें बर्फाच्या खुणांनीं भरलेलें दिसलें. आपली ती चूक त्यानें पुढें आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितली आहे. डोळे त्याचे तेच होते. पहिल्या वेळीं मनांत प्रश्न नव्हता, दुसऱ्या वेळीं होता.

येथपर्यंतची गोष्ट थंड देशांची झाली. आतां तुम्ही म्हणाल, ज्या देशांत बर्फ पाहावयाचें तर हिमालय गांठावा लागतो, त्या देशांतल्या, आणि त्यांतहि महाराष्ट्रांतल्या श्रोत्यांस याचें काय ? सह्याद्रींत अशा खुणा शोधूं गेलें तर निराशा होईल. आपला दख्खनचा काळा कातळ सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा; त्याचे कडे, सोंडा व घळी पावसानें व नद्यांनीं कोरल्या आहेत. पण या काळ्या कातळाचें आवरण महाराष्ट्रावर सर्वत्र नाहीं. पूर्वेकडे चंद्रपुराकडे, म्हणजे पूर्वीच्या चांद्याकडे, गेलें कीं, फार जुने खडक उघडे पडतात. तेथें कोळशाच्या खाणी आहेत, आणि त्या कोळशाच्या थरांच्याहि खालीं, तळाशीं, लहानमोठे गोटे कालविलेला एक चमत्कारिक थर आहे. अशाच थराचा शोध ओरिसांतील तालचेर येथें १८५६ सालीं ब्लॅनफर्ड बंधु व थिओबाल्ड या भूशास्त्रज्ञांना लागला होता, आणि हें बर्फाचें काम असावें, असें त्यांनीं धीटपणानें म्हटलें होतें. पुष्कळांचा त्यावर विश्वास बसेना. मग १८७२ सालीं फेडन यांना चांद्याच्या पश्चिमेस, पैनगंगेच्या खोऱ्यांत, इरई गांवाजवळ, त्या गोट्यांच्या थराखालची चुनखडीची फरशी उघडी पडलेली आढळली. ती घासलेली, तुकतुकीत व समांतर रेघांनीं ओरखडलेली होती. उन्हाळ्यांत जेथें पारा ४५ अंशांच्याहि वर चढतो, त्या चांद्याच्या मुलुखांत हें हिमनदीचें पाऊल !

हीं पावलें सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वींचीं आहेत. तशींच पावलें दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया या खंडांतहि सांपडलीं. दक्षिण आफ्रिकेंत किंबर्लीजवळ नोइटगेडाख्ट येथें त्या काळच्या मेषशिला अजून उघड्यावर आहेत. त्यांच्या गुळगुळीत पाठीवर तेथील मूळ रहिवाशांनीं पुढें चित्रेंहि कोरलीं आहेत. परंतु खरें कोडें निराळेंच होतें. ठिकठिकाणच्या रेघा व टेकाडें पाहून बर्फाच्या वाटा नकाशावर मांडल्या, तेव्हां असें दिसलें कीं, दक्षिण ब्राझीलमध्यें बर्फ आग्नेयेकडून, म्हणजे आज जेथें अटलांटिक महासागर आहे त्या बाजूनें, जमिनीवर चढलें; आणि दक्षिण ऑस्ट्रेलियांत तें दक्षिणेच्या समुद्राकडून आलें. हें कसें शक्य आहे ? एवढ्या मोठ्या हिमनदीला उगमाशीं उंच जमीन हवी. खोल समुद्रांतून ती उगवत नाहीं. टेकाडें खोटें बोलत नव्हतीं. मग खोटें बोलत होता तो नकाशा.

जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यानें १९१२ सालीं असें मांडलें कीं, हीं खंडें एके काळीं एकमेकांस जोडलेलीं होतीं व नंतर दूर सरकलीं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हीं दक्षिण ध्रुवाभोंवतीं एकत्र ठेवून पाहिलीं कीं, विखुरलेल्या वाटा जुळतात. ब्राझीलचें बर्फ समुद्रांतून नव्हे, तर आफ्रिकेंतून आलेलें ठरतें. आणि आफ्रिकेंत, नामिबियाच्या वायव्य भागांत, पश्चिमेकडे तोंड केलेल्या त्या काळच्या हिमदऱ्या डोंगरांत आजहि दिसतात. दक्षिण आफ्रिकेच्या द्यु त्वा यानें दोन्ही किनारे स्वतः हिंडून पाहिले व १९३७ सालच्या आपल्या ग्रंथांत ही बाजू हिरिरीनें मांडली. तरीहि बहुतेक विद्वानांनीं ती बराच काळ मानली नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत समुद्राच्या तळाचा अभ्यास झाला, तेव्हां कोठें खंडें सरकतात हें सर्वमान्य झालें. दगडांनीं ती साक्ष कधींच देऊन ठेवली होती.

त्या प्राचीन जोडखंडाला गोंडवन असें म्हणतात. हें नांव आपल्याकडचेंच आहे. मध्य भारतांतील गोंडांच्या देशावरून भूशास्त्रज्ञांनीं तें तेथील खडकांना दिलें, आणि तेथून तें साऱ्या जोडखंडाला लागलें. चांदा तर गोंड राजांची राजधानी. तेव्हां इरईची ती ओरखडलेली फरशी आपण परक्याची म्हणूं नये.

ही विद्या केवळ मागच्या काळाची आहे असेंहि नाहीं. ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांवर आजहि हजारों फूट जाडीचें बर्फ आहे. त्याच्या तळाचा कातळ विमानांतून सोडलेल्या रेडिओलहरींनीं चांचपतां येतो. हें बर्फ समुद्राकडे किती वेगानें सरकेल, हें बऱ्याच अंशीं त्याच्या तळाशीं असलेल्या टेकाडांवर व पाण्यावर अवलंबून असतें. खडबडीत तळ त्याला अडवून धरतो. एकट्या ग्रीनलंडचें सर्व बर्फ वितळलें, तर जगांतला समुद्र सुमारें २४ फूट चढेल. तें एकाएकीं घडणार नाहीं. पण किती लवकर घडेल हा प्रश्न मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहराला परका नाहीं. बर्फ उघड्या कातळावरून कसें गेलें, हें स्कॉटलंडच्या टेकाडांवर वाचतां आलें, म्हणूनच आज झांकलेल्या कातळावरून तें कसें जात असेल, याचा अंदाज बांधतां येतो.

एका शिकाऱ्याला जें दिसलें तें विद्वानाला प्रथम पटलें नाहीं. हॉलला दिशा दिसली पण कर्ता दिसला नाहीं. डार्विनला पहिल्या खेपेस कांहींच दिसलें नाहीं. कातळ मात्र सर्वांपुढें सारखाच उभा होता. चंद्रपुराच्या बाजूस कधीं जाणें झालें आणि नदीकांठीं घासल्यासारखा, रेघा पडलेला दगड दिसला, तर क्षणभर थांबावें व विचारावें, ही रेघ कोणीं ओढली आणि तो कोणीकडून आला ? उत्तर लगेच मिळेलच असें नाहीं. पण हा प्रश्न विचारल्यावांचून दगड आपण होऊन बोलत नाहीं, एवढें या सर्व मंडळींच्या अनुभवावरून खात्रीनें सांगतां येतें.